मोगल वारसायुद्ध (१६५७–५९)

शहाजहान सप्टेंबर १६५७ मध्ये आजारी पडताच त्याच्या चार मुलांत पेटलेले यादवी युद्ध. औरंगजेबाच्या हालचालींचे केंद्र औरंगाबाद होते. उत्तम तोफखाना बाळगणाऱ्या मीर जुमल्याला आग्र्याहून बोलावणे येताच औरंगजेबाने त्याला कैद करून दौलताबादला ठेवले. ही अटक संगनमताचीच होती. तोफा व खजिना आयता हाती आला! दुसरीकडे औरंगजेबाचा भाऊ मुराद याने सुरत लुटली, शिवाय तिथल्या व्यापाऱ्यांकडून पाच लाख रुपये कर्जाऊ उकळले. फेब्रुवारी १६५८ मध्ये औरंगजेब उत्तरेकडे निघाला. धर्मत व सामूगढ येथील विजयांनंतर आग्रा पडले. मुरादही लवकरच कैदेत गेला. औरंगजेबाचा दुसरा भाऊ दारा १६५९ मध्ये मारला गेला.