चाकाआधीचा चिखल

इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपासचं इनामगाव. गावाच्या कडेला कारागिरांची घरं आहेत, त्यातल्या कुंभाराच्या अंगणात तुम्ही उभे आहात. खाली घोड नदी, शिवारात सातू डोलतोय. मराठी जन्माला यायला अजून पुष्कळ अवकाश आहे, तेव्हा हातवाऱ्यांवर भागवायचं.

चाक बघायला आलात ना? ते कोपऱ्यात पडलंय. आधी ढेकळं फोडा.

नदीच्या दरडीतून खणून आणलेली माती उन्हात खडखडीत वाळवली आहे. भिजवायचीच तर वाळवली कशाला, असं तुमच्या मनात येतं. ओलसर ढेकूळ पाण्यात टाकून बघा, बराच वेळ ढिम्म बसून राहतं. कोरडं टाका, बुडबुडे सोडत बघता बघता विरतं.

फोडताना पांढरट खडे हाताला लागतात. ही चुनखडी. दख्खनच्या मातीत ती जागोजाग. हरभऱ्याएवढा एक खडा तुम्ही ‘चालतंय’ म्हणून सोडून देता. कुंभार वाकून तो उचलतो, घरात जातो आणि एक वाडगा आणून तुमच्यासमोर धरतो. तांबडं अंग, काळ्या रेघांची नक्षी, सगळं झकास. फक्त पोटाला नखाएवढा टवका उडालाय आणि खळगीच्या तळाशी पांढरा ठिपका. आव्यात तापून चुनखडीचा कळीचा चुना होतो. भांडं बाहेर आलं की तो हवेतली ओल पिऊन फुगत राहतो आणि काही दिवसांनी, कुणी हात लावलेला नसताना, वरची कपची उडवतो. तुम्ही मुकाट्याने परत खडे वेचायला बसता.

मग माती पाण्यात ढवळायची आणि थोडं थांबायचं. वाळू, खडे तळाला जातात. वरचं गढूळ पाणी हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओतायचं. आता मात्र बराच वेळ थांबायचं. वर नितळ पाणी, खाली लोण्यासारखा गाळ. बोटांत चोळा, कच लागत नाही. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं, तेव्हा सापडलेल्या, जोर्वे नावानं ओळखल्या जाणाऱ्या खापरांचं पुढे फार कौतुक झालं: तोटीची भांडी, कंगोऱ्याचे वाडगे, टिचकी मारली की खणखणीत वाजणारं अंग. लोक नक्षी बघतात, चाकाचा वेग वाखाणतात. माझ्या मते निम्मं श्रेय या ओतण्याचं.

गाळ आटून घट्ट झाला की मळणं. कुंभार गोळा दोरीनं मधोमध कापतो, कापलेली बाजू निरखतो, बारीकशी पोकळी दिसली की दोन्ही तुकडे एकमेकांवर दाणकन आपटतो. पुन्हा कापतो, पुन्हा आपटतो. हवा राहिली की भांडं आव्यात फुटतं, असं सर्रास सांगतात. फोडते ती खरं तर वाफ, न वाळलेल्या अंगातली. पोकळीचा जाच आधीच, चाकावर होतो: भिंत वर ओढताना बोट तिथे अडखळतं आणि भांडं वेडंवाकडं होतं.

आता एक वळी करून तो बोटाभोवती गुंडाळतो. बाकावर बारीक भेगा पडतात. नाही, अजून मुरली नाही. गोळा झाकून परत ठेवून देतो. तुमचा चेहरा पडतो, पण त्याला घाई नाही.

तेवढ्यात तो दुसऱ्या ढिगाकडे वळतो आणि चक्क वाळू कालवायला लागतो! इतका वेळ हीच तर काढत होतो ना? पण गाळीव मातीचं घट्ट भांडं चुलीच्या आचेला टिकत नाही. एक तडा गेला की आरपार. भरड वाळू असली की तडा तिथल्या तिथे अडखळतो. शिवाय गावात मोठी जाडीभरडी मडकी लागतात, आणि ती साठवणीलाच लागतात असं नाही. दगावलेलं मूल दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरायची इथली रीत आहे.

हा ढीग मात्र पायांनीच तुडवावा लागतो. कुंभार तुमच्या पायांकडे बोट दाखवतोय. घासून धुऊन या, टाचेला चुनखडी चिकटलेली नको.