मुंबईचे गोमंतकीय आणि गोव्याचा कौल

‘मराठी शिकणाऱ्या गोव्याने महाराष्ट्राला नको का म्हटले?’ असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारला. आम्ही मराठवाड्याची माणसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राज्यातून सुटलो आणि १९५६ साली मराठी मुलखात सामील झालो, ते आनंदाने. साहजिकच हा नकार आम्हाला उमगत नाही. ‘पोर्तुगीजांनी मने फिरवली,’ असे घाईचे उत्तर देऊन मी मोकळा झालो. ते चुकीचे होते, हे पुढे वाचताना कळले.

गोव्याचा हा वाद गोव्याइतकाच मुंबईतही वाढला. धोबीतलावाच्या परिसरात ख्रिस्ती गोमंतकीयांच्या गावोगावच्या ‘कुडी’ होत्या; बोटीवरचा खलाशी दोन सफरींच्या मध्ये तेथे पथारी टाकी. गिरगावात हिंदू गोमंतकीयांची बिऱ्हाडे होती. दोघांच्याही पैशावर गोव्यातल्या चुली पेटत. १९५४-५५ साली भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा हा पैसाही अडला. मायभूमीचे स्वातंत्र्य आणि घरच्यांची भाकर यांत ओढाताण सुरू झाली.

परंतु खरा मतभेद भाषेचा होता. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, यांनी मुंबईत राहून आयुष्यभर कोकणीची स्वतंत्र भाषा म्हणून सेवा केली. १९४६ साली ते वारले. त्याच मुंबईत अनंत काकबा प्रियोळकर कोकणीला मराठीची बोली मानीत. १९५१ साली कारवारच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. दोघेही गोव्याचे, दोघेही हिंदू. हा केवळ हिंदू-ख्रिस्ती तंटा नव्हता, हे एवढ्यावरूनच ध्यानी यावे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या निवडणुकीनंतर विलीनीकरणवादी दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या बहुजन समाजाला महाराष्ट्रात आपली माणसे दिसत होती. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. गोव्याबाहेरच्या गोमंतकीयांनाही मत द्यावे, ही त्या पक्षाची मागणी मान्य झाली नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी ‘फूल’ म्हणजे विलीनीकरण आणि ‘दोन पाने’ म्हणजे वेगळेपण, असा कौल झाला. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. १९८७ साली कोकणी राजभाषा झाली आणि गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला.

हे सारे मी वर्गात सांगितले आणि माझी चूकही कबूल केली. तेव्हा तोच मुलगा म्हणाला, ‘सर, बाहेर राबून घर चालवणाऱ्याला मत नाही, हे बरोबर होते का?’

दिवाळी सरली की आमच्या वर्गातली काही बाके रिकामी होतात. मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. हाही त्यांतलाच. मी म्हणालो, ‘निर्णयाचे भलेबुरे ज्याला रोज भोगायचे, त्याचा हक्क आधी.’ कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर मला अजूनही योग्य वाटते. परंतु त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून ते पुरे वाटले नाही.