क्वाय नदीवरचा पूल : पडद्यावरचा आणि खरा

युद्धपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक ‘अगदी खरे वाटते हो!’ असे हमखास म्हणतो. पण खरे वाटणे निराळे आणि खरे असणे निराळे. १९५७ सालचा डेव्हिड लीन यांचा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ घ्या. तो मला फार आवडतो हे आधीच कबूल करतो. फिर्यादी मीच आणि आरोपीचा चाहताही मीच.

कथा आपणांस ठाऊक असेल. जपान्यांच्या कैदेतला इंग्रज कर्नल निकल्सन अभिमानाच्या भरात शत्रूलाच उत्तम पूल बांधून देतो, आणि शेवटी तो पूल आगगाडीसकट कोसळतो. मूळ कादंबरी पिएर बूल या फ्रेंच लेखकाची. चित्रण झाले सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत.

आता खरा पूल पाहा. सयाममधून ब्रह्मदेशात जाणारा ४१५ किलोमीटरांचा लोहमार्ग जपान्यांनी १९४२ ते ऑक्टोबर १९४३ या काळात पुरा केला. कांचनबुरीजवळ त्यावर एक लाकडी आणि एक पोलादी असे दोन पूल झाले. पोलादी कमानी जावाहून आणल्या होत्या आणि आखणी जपानी अभियंत्यांची होती. इंग्रजांनी शिकवल्यावाचून त्यांना पूल जमेना, हे पडद्यावरचे चित्र सपशेल खोटे. छुप्या तुकडीने सुरुंगही लावला नाही. पूल मोडले ते १९४५ साली विमानांच्या बाँबहल्ल्यांत, आणि पोलादी पूल दुरुस्त होऊन आजही उभा आहे. गंमत अशी की, तो होता मे क्लाँग नदीवर. चित्रपट पाहून लोक ‘क्वाय’ शोधत येऊ लागले, तेव्हा १९६० च्या सुमारास नदीच्या त्या भागाचेच नाव बदलून ख्वे याय केले गेले!

तेथील खरे इंग्रज अधिकारी लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी. आपली माणसे जगावीत यासाठी ते पहारेकऱ्यांशी भांडत, मारही खात. निकल्सनचे सोंग आपल्या माथी बसले याचा त्यांच्या सोबत्यांना राग आला, तो मला रास्त वाटतो.

पण माझी खरी तक्रार याहून मोठी आहे. या मार्गावर बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. त्यांच्याखेरीज दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूर तेथे राबत होते : ब्रह्मी, मलायी, जावातले, आणि मलायाच्या रबराच्या मळ्यांतले आपले तामीळ बांधव. कोणाला मजुरीची लालूच दाखवून, कोणाला बळजबरीने नेले. कैद्यांजवळ निदान स्वतःचे डॉक्टर होते. यांच्या छावण्यांत पटकी शिरली म्हणजे विचारणारे कोणी नसे. त्यांतले सुमारे नव्वद हजार दगावले, असा अंदाज आहे.

लीनच्या चित्रपटात शिट्टीच्या तालावर कैदी येतात. हे लोहमार्गावरचे मजूर कोठेच दिसत नाहीत. कांचनबुरीच्या युद्धस्मशानात सुमारे सात हजार कबरी ओळीने, नीट राखलेल्या आहेत. मजुरांना बहुधा छावणीजवळच्या सामाईक खड्ड्यांत पुरले, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.