सुरतेतला तीन रुपयांचा गल्ला आणि आपल्या घरातले फोटो

आपली बहुतेक घरं सुरतेला आली ती लूमच्या नाहीतर मिलच्या कामाला. पण मराठी माणसाचं या गावाशी सिनेमाचंही एक जुनं नातं आहे, ते फार कुणाला माहीत नसतं.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत कॉरोनेशन थिएटरात लागला. तिथे गर्दी लोटली. मग तो सुरतेला आला, आणि पहिल्या दिवशीचा गल्ला म्हणे फक्त तीन रुपये! तिकीट तीन आणे धरलं तर जेमतेम सोळा माणसं. लोकांचंही चूक नव्हतं. दोन आण्यांत सहा तास नाटक बघायला मिळायचं, आणि हा खेळ दीड तासात खल्लास. तेव्हा दादासाहेबांनी जाहिरात केली म्हणतात, सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यांत. मग लोक आले.

आता हिशोब करून बघा. पट्टी होती ३,७०० फूट, म्हणजे पाऊण मैलसुद्धा नाही. दोन मैल ही शुद्ध थाप! पण एका फुटात सोळा चित्रं बसतात, त्यामुळे फोटोंचा आकडा जवळजवळ खरा. आणि लोकांना तेच पटलं. एक फोटो काढायचा तरी केवढं अप्रूप, इथे हजारो!

तसा तो घरचाच अल्बम होता. रोहिदास झाला दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. त्या सिनेमाच्या सुरुवातीला ही छोटी पोर नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. शंभर वर्षं झाली, ती अजून आपल्याकडे बघून हसते. सरस्वतीबाई मात्र पडद्यामागेच राहिल्या.

आपल्या घरातही तेच आहे. बाबांचा सायकलसोबत फोटो सापडतो, लग्नातला ग्रुप फोटो सापडतो. आजीचा बघायला जावं तर कुठेतरी मागे, पदर डोक्यावर, चेहरा अर्धा. त्यातही ऑगस्ट २००६ च्या पुरात तापीचं पाणी घराघरांत शिरलं आणि कितीतरी पेट्या चिखलात गेल्या. भांडी परत घेता आली, फोटो नाही.

म्हणून सांगतो, जे उरलंय ते या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढा. भिजून काचेला चिकटलेला फोटो ओढून सोडवू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकटच मोबाईलवर काढून घ्या. आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शेजारी बसवून नावं विचारा. कोण, कुठलं गाव, कुणाच्या लग्नातलं. मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. "ही कोण?" याला उत्तर देणारं माणूस घरात आहे तोवरच हे काम होतं.