'रूप तेरा मस्ताना'मधलं अ‍ॅकॉर्डियन कुणाचं?

कर्जतहून मी पुन्हा हजर आहे. लोकलमध्ये बसून ऐकत असाल तर हेडफोन नीट घाला, कारण आज कान जरा तीक्ष्ण लागणार आहेत.

'आराधना' (1969) सिनेमातलं 'रूप तेरा मस्ताना' लावा. किशोरकुमारचा आवाज क्षणभर बाजूला ठेवा आणि त्याच्या आजूबाजूला धापा टाकल्यासारखं एक वाद्य वाजतं, ते ऐका. ते अ‍ॅकॉर्डियन. संगीतकार एस. डी. बर्मन, पडद्यावर राजेश खन्ना, ही नावं आपल्याला पाठ आहेत. पण अ‍ॅकॉर्डियन वाजवलं केरसी लॉर्ड यांनी, हे किती जणांना माहीत असतं?

अ‍ॅकॉर्डियन म्हणजे ढोबळमानाने आपल्या पेटीचं भावंड. पेटी समोर ठेवतात, हे गळ्यात अडकवतात. भाता उघडमीट केला की हवा आत-बाहेर जाते आणि पट्ट्यांमधून सूर निघतो. याच घराण्यातलं बँडोनियन हे वाद्य जर्मनीतून अर्जेंटिनाला पोचलं आणि तिथल्या टँगो संगीताचा आवाजच बनलं. टँगोचा मोठा संगीतकार आस्तोर पियाझोला आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला बँडोनियन आणून दिलं. घरातून हातात वाद्य येणं किती महत्त्वाचं असतं, बघा!

आता मुंबईत येऊ. 1930-40च्या दशकांत इथल्या मोठ्या हॉटेलांत आणि क्लबांत डान्स बँड असायचे. फॉक्सट्रॉट, टँगो, रुम्बा, सगळं वाजायचं. वाजवणारे बरेचसे गोव्याचे ख्रिश्चन, काही पारशी, अँग्लो-इंडियन. त्यातलेच एक कावस लॉर्ड. सगळे त्यांना 'कावसकाका' म्हणत. बाँगो, काँगोसारखी लॅटिन तालवाद्यं हिंदी सिनेमात आणणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांचं नाव घेतात.

मग 1949चा दारूबंदी कायदा आला. क्लबांचा धंदा बसला. हे वादक आधीपासून स्टुडिओत जात होतेच, आता तोच मुख्य आधार झाला. तिकडे सी. रामचंद्रांसारखे संगीतकार वाटच बघत होते. हा आपला पुणतांब्याचा माणूस. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट त्यांच्यासोबत. 'अलबेला' (1951) ऐकलात की कळेल, नाचाच्या हॉलमधला ठेका थेट सिनेमात कसा शिरला ते.

अशा घरात 1935 साली केरसी जन्मले. वडील तालवादक, भाऊ बर्जोर म्हणजे 'बुजी' ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवणारे. केरसींनी तर एका वाद्यावर थांबायचंच नाही असं ठरवलं असावं. बाँगो, ड्रम, अ‍ॅकॉर्डियन, पुढे कीबोर्ड. धातूच्या पट्ट्यांवर छोट्या हातोड्यांनी वाजवायचं ग्लॉकनस्पील हेही त्यांचंच. शिवाय अरेंजर म्हणून कामही केलं. अरेंजर म्हणजे काय? संगीतकाराच्या चालीभोवती कुठलं वाद्य कुठे, किती वाजेल हे कागदावर मांडणारा माणूस.

त्या काळचं रेकॉर्डिंग सोपं नव्हतं. गायक आणि सगळा ताफा एकाच वेळी वाजवायचा. शेवटच्या ओळीत एकाचा सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आजच्यासारखं 'नंतर एडिट करू' नाही.

आणि खरी गंमत, किंवा चटका म्हणा, पुढेच आहे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला केरसींनी मूग सिंथेसायझर हिंदी सिनेमात आणला. हे मशीन एका वेळी एकच सूर काढायचं, पण तो असा की कुणी आधी ऐकलाच नव्हता. केरसींसाठी ते आणखी एक वाद्य होतं, हातातलं, जिवंत. पण पुढे इलेक्ट्रॉनिक वाद्यं स्वस्त झाली, कॉम्प्युटर आला, आणि 1990च्या दशकात पन्नास-शंभर वादकांचे ताफे विरत गेले. नव्या आवाजाचं दार ज्या पिढीने उघडलं, त्याच पिढीचं काम त्या दाराने गेलं.

यात दोष केरसींचा नाही, असं मला ठामपणे वाटतं. नवं वाद्य दिसलं की हात शिवशिवणारच. दोष असेल तर आपल्या सवयीचा. मोठे ताफे वाजत होते तेव्हाही आपण वादकांची नावं विचारली नाहीत. म्हणून ते गेल्याचं कुणाला कळलंही नाही. 2016मध्ये केरसी गेले. रुद्रदीप भट्टाचार्जी यांची 'द ह्यूमन फॅक्टर' ही डॉक्युमेंटरी याच लॉर्ड कुटुंबावर आहे. जमली तर नक्की बघा.

हे सगळं फक्त मुंबईपुरतं आहे असं समजू नका. आपल्या कर्जत-खालापूरकडे वरातीत बँजो पार्टी वाजते. टेम्पोवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, खाली ढोल-ताशा. त्यातली कितीतरी पोरं बापाच्या, काकाच्या शेजारी उभी राहून शिकलेली असतात, अगदी लॉर्डांच्या घरासारखी. आपण नाचतो, रील काढतो, आणि रीलवर नवरदेवाला टॅग करतो.

तर या सीझनला एवढंच करा. कीबोर्डवाल्याला नाव विचारा आणि रीलखाली लिहा. माझ्या पुढच्या भागासाठी तीच नावं मला कमेंटमध्येही पाठवा. भेटू मग!