वऱ्हाड प्रश्न

वऱ्हाड (बेरार) प्रांताच्या सार्वभौमत्वाविषयी हैदराबादचा निजाम व ब्रिटिश सरकार यांच्यात १८५३ पासून ब्रिटिश सत्तेच्या अखेरीपर्यंत चाललेला राजनैतिक व घटनात्मक वाद. आजचे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे या प्रांतात मोडत. येथील कारभार ब्रिटिश अधिकारी पाहत. परंतु कायद्याच्या दृष्टीने हा मुलूख निजामाचाच राहिला. ही विसंगती बरीच वर्षे केवळ वसुलाच्या हिशेबापुरती होती. हिंदुस्थानात प्रातिनिधिक संस्था येऊ लागल्यावर मात्र तिला वेगळेच वळण लागले. सुधारणांचा प्रत्येक नवा हप्ता वऱ्हाडास लागू करताना ‘हा प्रदेश कोणाचा?’ हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

या विसंगतीचे स्वरूप पांढरकवड्यासारख्या सीमेलगतच्या गावावरून चांगले ध्यानात येते. पांढरकवडा हे पूर्वीच्या वणी (नंतरच्या यवतमाळ) जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा रस्ता येथूनच जातो आणि दक्षिणेस पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या मुलखात शिरतो. नदीच्या दोन्ही काठांवर काळी जमीन, कापसाचे पीक, तसेच गोंड व कोलाम वस्ती. दक्षिण काठावर निजामाचे तालुकदार व त्याचा प्रत्यक्ष अंमल, तर उत्तर काठावर ब्रिटिशांचा तहसीलदार व मुंबई इलाख्याच्या धर्तीवरील रयतवारी. तरीही कायद्याच्या पुस्तकात दोन्ही काठांचा धनी एकच होता. पूर्वेकडील वर्धा नदी ओलांडली, की मात्र खऱ्या अर्थाने ब्रिटिश हिंदुस्थान सुरू होई.

वऱ्हाडवरील निजामाच्या हक्काचा उगम १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईत आहे. निजामुल्मुल्क याने मुबारिझखानाचा येथे पराभव केला आणि दक्षिणेत आपली स्वतंत्र सत्ता स्थापिली. पुढे नागपूरकर भोसल्यांनी वऱ्हाडच्या वसुलात मोठा वाटा मिळविला आणि सु. पाऊणशे वर्षे येथे दोअंमली चालली. आडगाव व गाविलगड येथील पराभवांनंतर रघूजी भोसले (दुसरा) याने देवगावच्या तहाने (१७ डिसेंबर १८०३) वर्धेच्या पश्चिमेकडील मुलखावरील आपला हक्क सोडला. तो मुलूख इंग्रजांनी १८०४ मध्ये निजामास दिला. दिला तोही इंग्रजांनी आणि पुढे काढून घेतला तोही इंग्रजांनीच, ही गोष्ट या वादातील दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने वापरली.

निजामाने १८०० च्या तहाने तैनाती फौज पतकरली होती. तिच्याखेरीज रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील आणखी एक फौज उभी राहिली. ती हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखली जाई. हिचा खर्च निजामावर पडे. परंतु तिच्यावर त्याची हुकमत नव्हती. पगार थकत गेला, कंपनी आपल्या तिजोरीतून तो भागवीत गेली आणि कर्ज चाळीस लाख रुपयांहून अधिक झाले. लॉर्ड डलहौसीने रेसिडेंट कर्नल लो याच्यामार्फत मुलुखाची मागणी केली. मुलूख कायमचा तोडून देण्यास नासिरुद्दौला अखेरपर्यंत राजी झाला नाही. तेव्हा २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे सु. पन्नास लाख उत्पन्नाचे जिल्हे केवळ व्यवस्थेसाठी कंपनीकडे सोपविण्यात आले. ‘कायमचा’ हा एक शब्द तहात आला नाही आणि पुढील शतकाचा वाद त्या गाळलेल्या शब्दात साठून राहिला.

१८५७ च्या उठावात निजाम व त्याचा दिवाण सालारजंग इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले. २६ डिसेंबर १८६० च्या नव्या तहाने पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले, तसेच शोरापूरचे संस्थानही निजामास देण्यात आले. वऱ्हाड मात्र विश्वस्त या नात्याने इंग्रजांकडेच राहिले. खर्च भागून उरेल ती शिल्लक निजामास द्यावी, पण त्याने जमाखर्चाचा हिशेब मागू नये, असे ठरले. व्यवहारात अशा विश्वस्तास काय म्हणतात, हे सांगावयास नको. वऱ्हाडातून नागपूरपर्यंत लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात येथील कापसाचे मोल इंग्रज गिरणीमालकांना कळून चुकले होते. सालारजंगाने १८६६ पासून वऱ्हाड परत मिळविण्याचे प्रयत्न आरंभिले. फौजेच्या खर्चाच्या हमीदाखल त्याने रोख ठेव देऊ केली आणि १८७६ मध्ये तो स्वतः इंग्लंडला जाऊन आला. परंतु हाती काही लागले नाही. निजाम अल्पवयीन असल्याने प्रश्नाचा विचार आताच करता येत नाही, असे त्यास सांगण्यात आले. निजाम वयात येऊन गादीवर बसला (१८८४), तेव्हा सालारजंग हयात नव्हता.

लॉर्ड कर्झनने हे प्रकरण कायमचे मिटविण्याचे ठरविले. १९०२ मध्ये त्याने हैदराबादेस जाऊन निजाम मीर महबूब अली खान याची समक्ष भेट घेतली. त्यानंतर ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार झाला. त्यान्वये निजामाच्या सार्वभौमत्वाचा पुनरुच्चार करून वऱ्हाड वार्षिक पंचवीस लाख रुपये खंडाने ब्रिटिश सरकारला कायमच्या पट्ट्याने देण्यात आले. १८५३ मध्ये न मिळालेला शब्द याप्रमाणे अर्धशतकानंतर मिळाला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या कारभाराखाली आले. त्याच वर्षी कंटिंजंट फौजही हिंदी सैन्यात विलीन झाली. म्हणजे ज्या फौजेसाठी मुलूख घेतला, ती फौज उरली नाही, मुलूख मात्र राहिला.

वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हे, ही गोष्ट कायद्याच्या अंमलात पदोपदी जाणवे. ब्रिटिश हिंदुस्थानात संमत झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. १९०२ च्या परदेशी अधिकारक्षेत्रविषयक राजाज्ञेखाली वेगळी अधिसूचना काढून तो लागू करावा लागे. अमरावती हे त्या काळी राजकीय जागृतीचे एक प्रमुख केंद्र होते. १८९७ चे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन तेथे भरले आणि १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्षपद अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांनी भूषविले. अशा प्रदेशास विधिमंडळातून वगळणे शक्य नव्हते आणि कायद्याने तेथे सामावून घेणेही कठीण होते.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने यातून एक चमत्कारिक वाट काढली. वऱ्हाडात रीतसर मतदारसंघ पाडावेत, निवडणुका घ्याव्यात. मात्र निवडून आलेल्या व्यक्तींची गव्हर्नरने नेमणूक करावी आणि असे नेमलेले सभासद कायद्याच्या दृष्टीने निर्वाचितच समजावेत, अशी ही तरतूद होती. मतदार निवडीत, गव्हर्नर नेमी आणि कायदा पुन्हा त्यांस निवडलेले म्हणे. मध्यवर्ती विधिमंडळातही हाच प्रकार होता. वणी येथे जन्मलेले व यवतमाळ ही कर्मभूमी असलेले माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे हे तेथे वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसत आणि अधिवेशनांच्या छापील वृत्तांतात त्यांच्या नावापुढे तसाच उल्लेख येई. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी तर १९२९ मध्ये काही काळ मध्य प्रांताचे हंगामी गव्हर्नरपद सांभाळले. ज्यांच्या गावावर निजामाचे सार्वभौमत्व मान्य केलेले होते, त्यांच्या हाती ब्रिटिश प्रांताची सूत्रे आली, यात त्या वेळी कोणास वावगे वाटले नाही. व्यवहार कायद्याच्या बराच पुढे गेला होता.

या घडामोडींकडे निजाम मीर उस्मान अली खान याचे लक्ष होते. २५ ऑक्टोबर १९२३ रोजी त्याने व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यास विस्तृत पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. आपल्या पित्याची संमती मोकळेपणाने दिलेली नव्हती, हा त्यातील एक मुद्दा होता. त्याहून लक्षणीय होते ते वऱ्हाडी जनतेस दिलेले आश्वासन. वऱ्हाड परत आल्यास तेथे पूर्ण लोकनियंत्रण असलेले जबाबदार शासन दिले जाईल, निजामाचा प्रतिनिधी म्हणून एक घटनात्मक गव्हर्नर राहील आणि सैन्य व ब्रिटिश सरकारशी संबंधित बाबी सोडून अंतर्गत कारभारात जनतेस स्वायत्तता राहील, असे त्यात म्हटले होते. ब्रिटिश प्रांतांतील द्विदल पद्धतीपेक्षा ही देणगी कागदावर निश्चित मोठी होती. घटनात्मक सुधारणा हे राजनैतिक वाटाघाटींतील हत्यार कसे होते, याचे याहून उघड उदाहरण हिंदुस्थानच्या इतिहासात क्वचितच आढळेल. परंतु हैदराबाद राज्यात अशा शासनाचा मागमूसही नव्हता. तेथील विधिमंडळ सरकारी अधिकाऱ्यांच्या बहुमताचे होते. नदीपलीकडील आपल्या प्रजेस जे दिले नाही ते अलीकडील प्रजेस कसे मिळणार, ही शंका वऱ्हाडातील पुढाऱ्यांना आली आणि या मागणीस त्यांनी विरोध केला. तो विरोध ब्रिटिश राजवटीच्या प्रेमापोटी होता असे मानणे चूक ठरेल. मध्य प्रांताशी घातलेली सांगड त्यांना तितकीच खुपत होती. वऱ्हाडचा पैसा दुसरीकडे खर्ची पडतो, ही तक्रार सतत होत असे.

रीडिंगने ११ मार्च १९२५ रोजी मागणी नाकारली. निजामाने सप्टेंबरात पुन्हा लिहिले. परराष्ट्रविषयक बाबी वगळता आपण अंतर्गत कारभारात ब्रिटिश सरकारइतकेच स्वतंत्र आहोत, सबब हा दोन समान पक्षांतील वाद आहे, असे त्याने प्रतिपादिले आणि चौकशी आयोगाची मागणी केली. २७ मार्च १९२६ च्या उत्तरात रीडिंगने ही समानता साफ धुडकावली. ब्रिटिश राजसत्तेचे श्रेष्ठत्व केवळ तहांवर अवलंबून नसून ते स्वयंसिद्ध आहे आणि कोणताही संस्थानिक बरोबरीच्या नात्याने तिच्याशी वाटाघाटी करू शकत नाही, असे त्याने बजावले. या पत्राने वऱ्हाडपुरता नव्हे, तर सर्व संस्थानिकांच्या दर्जाचा प्रश्न निकालात काढला. संस्थानिकांतील अस्वस्थता वाढून १९२७ मध्ये बटलर समिती नेमावी लागली, तिच्यामागे या पत्रव्यवहाराचाही भाग होता.

गोलमेज परिषदांत अखिल भारतीय संघराज्याची कल्पना पुढे आली आणि पारडे काहीसे फिरले. सर्वांत मोठे संस्थान संघराज्यात यावे, अशी ब्रिटिशांना गरज होती. हैदराबादच्या वतीने सर अकबर हैदरी यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. १९३५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमान्वये निजामाचे सार्वभौमत्व कायम ठेवून ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असा एकच गव्हर्नरचा प्रांत करण्यात आला. वऱ्हाडातील निजामाचे प्रजाजन हे या कायद्यापुरते सम्राटाचे प्रजाजन समजावेत, असे त्यात म्हटले होते. अपवाद होता तो फक्त राजनिष्ठेच्या शपथेचा. प्रांताच्या उत्पन्नाचा वाजवी वाटा वऱ्हाडवर खर्च व्हावा, ही गव्हर्नरची खास जबाबदारी ठरविण्यात आली. २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने वार्षिक पंचवीस लाखांची रक्कम चालू राहिली व निजामाच्या निशाणास ब्रिटिश निशाणाबरोबर स्थान मिळाले. निजामास हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम असा किताब मिळाला आणि युवराज आझमजाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. मानमरातब निजामाकडे आणि सत्ता नागपूरच्या सचिवालयाकडे, अशी ही वाटणी होती.

१९३७ च्या निवडणुकांत मर्यादित मताधिकाराने का होईना, वऱ्हाडने आपले प्रतिनिधी निवडले आणि त्या वर्षीच्या ना. भा. खरे यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळात वऱ्हाडच्या पुढाऱ्यांना स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी पैनगंगेपलीकडे हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांढरकवड्याच्या मतदारास आपल्या आमदाराकडे गाऱ्हाणे नेता येत होते, तेव्हा आदिलाबादच्या त्याच्या आप्तास सभा घेण्यासाठीही परवानगी लागे. निजामाने १९२३ मध्ये देऊ केलेल्या सनदेचे मोल वऱ्हाडी माणसाने या तुलनेवरून जोखले.

ब्रिटिश सत्ता जाण्याची वेळ आली, तेव्हा निजामाने हा दावा अखेरचा पुढे केला. जुलै १९४७ मध्ये दिल्लीत आलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळाने माउंटबॅटनपुढे वऱ्हाडच्या परतीचा मुद्दा मांडला. अधिसत्तेबरोबर जुने करार संपुष्टात येतात, म्हणून पट्टाही संपतो, असा त्यामागील युक्तिवाद होता. तर्क म्हणून तो दुबळा नव्हता. परंतु वऱ्हाड तोवर दहा वर्षे नागपूरच्या विधिमंडळात नांदले होते आणि तेथील लोकमत निजामाकडे जाण्याच्या पूर्णतः विरुद्ध होते. याच सुमारास, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, अकोला येथे महाराष्ट्र व वऱ्हाडच्या पुढाऱ्यांत संयुक्त महाराष्ट्राविषयी करार झाला. त्यातील चर्चा वऱ्हाडचे स्थान मराठी भाषिक राज्यात कोणते असावे याची होती. हैदराबादचा विचार त्यात नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराने पूर्वीच्या व्यवस्था वर्षभरासाठी पुढे चालू राहिल्या. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने हैदराबादची स्वतंत्र राहण्याची धडपड संपली आणि २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामाने भारताची राज्यघटना स्वीकारली. २६ जानेवारी १९५० रोजी मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत मध्य प्रदेश राज्य झाला आणि वऱ्हाडवरील दुहेरी स्वामित्वास कायद्यात कोठेही जागा उरली नाही. १९५६ मध्ये वऱ्हाड विदर्भाच्या इतर जिल्ह्यांबरोबर मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रात आहे. आदिलाबाद १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात गेले व २०१४ पासून तेलंगणात आहे. पांढरकवड्याच्या दक्षिणेस पैनगंगा आजही सीमा आहे. आता ती दोन घटक राज्यांची आहे.