गच्चीवरच्या पॅनेलचा कोन

आपल्या गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा सर्वसाधारण सभेत सर्वांत जास्त वाद पैशांवरून नव्हे, तर कोनावरून झाला. पॅनेल एकाच कोनात कायमचं बसवायचं, की ऋतूप्रमाणे कोन बदलता येईल असा सांगाडा घ्यायचा? काहींना हे नवीन खूळ वाटलं. पण हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत एका सरकारी नोकराला पडला होता.

विल्यम ॲडम्स हे मुंबई उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार. म्हणजे आमच्यासारखाच फायलींचा माणूस! जळण महाग, ऊन फुकट, एवढा साधा हिशेब. त्यांनी अनेक सपाट आरशांचा प्रकाश एका बॉयलरवर पाडला आणि त्या वाफेवर अडीच हॉर्सपॉवरचा पंप चालवून दाखवला. १८७८ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. सूर्य सरकेल तशी आरशांची चौकट अर्धवर्तुळाकार रुळावरून ढकलायला त्यांनी माणूस ठेवला होता. पुढे १९१३ मध्ये कैरोजवळ माडी इथे फ्रँक शुमन या अमेरिकन गृहस्थाने हे फिरवण्याचं काम यंत्राकडे दिलं.

आरशांचा नेम चुकला की बॉयलर थंड. १९५४ मध्ये बेल लॅब्जमधून आलेल्या सिलिकॉन सेलचं तसं नाही. तो थोडं तिरकं ऊनही चालवून घेतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर, मेच्या मध्याला अगदी डोक्यावर, आणि जूनमध्ये चक्क थोडा उत्तरेला. पॅनेल दक्षिणेकडे १८ अंशांत पक्कं ठेवलं, तर दोन्ही टोकांना चूक २४ अंशांच्या आसपास. तरीही दुपारच्या थेट उन्हातलं ९१ टक्के पदरात पडतं. म्हणजे भांडण उरलेल्या ८-९ टक्क्यांचं, तेही टोकाच्या दिवसांत. जूनमधलं तर ढगच खातात. खरा फायदा हिवाळ्यातला.

तरी बदलत्या कोनाच्या बाजूने बहुमत झालं, आणि माझंही मत तिकडेच होतं. मागच्या पायाला तीन भोकं: १०, २० आणि ३५ अंशांची. ३५ वर पॅनेल शिडासारखं वारा धरतं, म्हणून वळवाच्या आधी ते १० वर यायलाच हवं. त्याहून आडवं करायचं नाही, नाहीतर धूळ पावसाने धुऊन जात नाही.

हे काम मार्च आणि ऑक्टोबरमध्ये, चार माणसांचं, अर्ध्या दिवसाचं. आजवर आम्ही ज्येष्ठ मंडळींनी ते केलं. आता चौघांपैकी दोघांचे गुडघे लोखंडी शिडी चढू देत नाहीत, आणि गेल्या ऑक्टोबरपासून पॅनेल २० वरच आहेत. बोल्टना ग्रीस लावलेलं आहे. पाने सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात, खालच्या खणात. तरुण मंडळींपैकी चौघांनी येत्या ऑक्टोबरच्या आधी नावं द्यावीत.